‘विंडोज 10 बंद झालं’ म्हणून साडेचार हजारांना विकलेलं फुकटचं विंडोज

कच्च्या बिलावर चार ओळी होत्या. विंडोज 11 ओरिजिनल लाइफटाइम, 4,500. अँटिव्हायरस एक वर्ष, 900. सर्व्हिसिंग, 500. मराठी फॉन्ट, 300. एकूण 6,200, खाली दुकानाचा शिक्का आणि एक घाईतली सही. जीएसटी नंबर नाही, लायसन्सची की (त्याचा सांकेतिक क्रमांक) नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टी माझ्या वडिलांना मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळणार होत्या आणि फॉन्ट त्यांच्याच डी ड्राइव्हवर पडलेले होते. राहिलं सर्व्हिसिंग. पंख्यातली धूळ मात्र खरंच काढली होती, तेवढं मान्य करायला हवं.

अण्णा साताऱ्यात असतात, निवृत्त मुख्याध्यापक. सोसायटीचे सेक्रेटरी असल्यामुळे इतिवृत्त, ताळेबंद, मेंटेनन्सच्या पावत्या, सगळं त्यांच्या लॅपटॉपवर. लॅपटॉप 2020 सालचा, दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, 8 जीबी रॅम, कंपनीकडूनच विंडोज 10 होम घालून आलेला. गेल्या ऑक्टोबरात त्यावर पडदाभर इंग्रजी सूचना झळकली की 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपतोय. त्याच सुमारास त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘14 तारखेनंतर कॉम्प्युटरवर बँक उघडू नका’ असा निरोप फिरत होता. आणि ज्या दुकानातून ते प्रिंटरची शाई भरून घेतात, तिथे काचेवर कागद लागला होता: ‘विंडोज 10 बंद! आजच विंडोज 11 करून घ्या.’

दुकानदार त्यांना म्हणाला, “काका, तुमचं लायसन्स 10 चं होतं, ते आता संपलं. 11 चं वेगळं घ्यावं लागतं.” सगळी फसवणूक या एका वाक्यात आहे, म्हणून आधी त्याचंच बघू.

14 ऑक्टोबरला संपलं ते काय? विंडोज 10 ला दर महिन्याला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या. लायसन्स संपलं नाही आणि मशीनही बंद पडत नाही. ज्या मशीनमध्ये टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आहे, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालतं आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे (इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा), ते मशीन विंडोज 10 वरून 11 वर फुकट जातं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर तसा पर्याय येतो, बटण दाबायचं आणि लॅपटॉप चार्जिंगला लावून जेवायला जायचं. फायली, प्रोग्रॅम, फॉन्ट जागच्या जागी राहतात. अण्णांचं मशीन या सगळ्यात बसत होतं. शिवाय कंपनीकडून विंडोज घालून आलेल्या अलीकडच्या लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. डिस्क पूर्ण पुसून तीच आवृत्ती पुन्हा टाकली तरी विंडोज ती की आपणहून वाचतं आणि नेट लागलं की सक्रिय होतं. म्हणजे विकायला दुकानाकडे काही नव्हतंच.

दिवाळीला घरी गेले आणि लॅपटॉप उघडला तर लॉक स्क्रीनवर अण्णांचं नाव नव्हतं. दुकानाचं नाव होतं, पुढे ‘कॉम्प्युटर्स’ लावून.

“अण्णा, हे काय?”

“अगं, गाडीच्या मागे शोरूमवाले स्टिकर लावतात ना, तसं. जाहिरात.”

ती जाहिरात नव्हती, ते खातं होतं. विंडोज 11 बसवताना मायक्रोसॉफ्ट खातं मागितलं जातं. त्या जागी गिऱ्हाइकाचं खातं घालायचं किंवा नवीन काढून द्यायचं, एवढं साधं काम. या माणसाने दुकानाचा मेल आयडी टाकला आणि मशीन हातात दिलं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडल्यावर तोच मेल आयडी, शेजारी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. अण्णांच्या हातात होता फक्त चार आकडी पिन.

पुढचं बघताना मला घाम फुटला. खाली उजव्या कोपऱ्यात वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा, निळा ढग होता. बॅकअप चालू: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. डॉक्युमेंट्समध्ये ‘सभासद यादी’, ‘ताळेबंद 24-25’, ‘आधार आई’, ‘पॅन स्कॅन’ आणि प्रत्येक फाइलसमोर हिरवी टिकली, म्हणजे फाइल वर चढली. चढली ती दुकानदाराच्या खात्यावर. डेस्कटॉपवर तर अण्णांच्या नसलेल्याच फायली. कुणाचा सातबारा, एका मुलीची दहावीची मार्कशीट, कुठल्याशा पतसंस्थेचा जामीनकीचा अर्ज. हाच आयडी दुकानाने दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या मशीनवरही टाकला होता, त्यामुळे सगळ्यांचे डेस्कटॉप एकमेकांत मिसळले होते. आपल्याकडे मार्कशीट दिसते, तर आपलं आधार कुणाकडे दिसत असेल? अण्णांनी त्या फायली पाहिल्या होत्या. “दुसऱ्यांच्या आहेत म्हणून मी उघडल्या नाहीत,” म्हणाले. शिक्षक माणूस.

याच खात्यातून आणखी एक गळफास निघतो आणि तो बहुतेकांना कळतच नाही. अलीकडचं विंडोज 11 नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलं की ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, आणि ते कुलूप उघडायची 48 आकड्यांची रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. उद्या बायॉस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला आणि मशीनने ते 48 आकडे मागितले, तर ते मिळणार दुकानदाराकडे. तो मेल आयडी विसरला, दुकान बंद करून पुण्याला गेला, तर सोसायटीचा हिशेब कायमचा कुलपात. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन. अण्णांचं चालू होतं.

आता ‘ओरिजिनल लाइफटाइम’कडे येऊ. सेटिंग्जमध्ये सिस्टिमखालच्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर हिरवी खूण होती आणि ‘सक्रिय’ असंच लिहिलं होतं. दुकानदार गिऱ्हाइकाला तेवढंच दाखवतो. पण पुढची ओळ वाचायची. तिथे म्हटलं होतं की विंडोज तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सेवेमार्फत सक्रिय झालंय. आमच्या घरात संस्था म्हणावी तर आईची भिशी. आणि लॅपटॉप आला होता होम आवृत्ती घेऊन, आता झाला होता वरच्या आवृत्तीचा, प्रो.

खात्री करायला स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. त्यात एस-एल-एम-जी-आर ही अक्षरं सलग, मग एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि लगेच एक्स-पी-आर. एंटर. छोटी चौकट येते. खऱ्या लायसन्सला ती सांगते की मशीन कायमचं सक्रिय आहे. अण्णांच्या चौकटीत ‘व्हॉल्यूम अ‍ॅक्टिव्हेशन’ संपण्याची तारीख होती. लाइफटाइमला तारीख! एक्स-पी-आरच्या जागी डी-एल-आय घातलं तर लायसन्स कुठल्या जातीचं ते कळतं. कंपनीकडून आलेल्याला ओईएम, पेटीतून विकत घेतलेल्याला रिटेल आणि इथे होतं व्हॉल्यूम केएमएस क्लायंट. केएमएस ही मोठ्या कचेऱ्यांसाठीची सोय आहे. कचेरीच्या नेटवर्कवर एक सर्व्हर असतो, त्याच्याकडे किमान 25 संगणक नोंदले गेल्याशिवाय तो विंडोज सक्रिय करतच नाही. सक्रिय केलेलं 180 दिवस टिकतं आणि मशीन दर आठवड्याला सर्व्हरकडून मुदत वाढवून घेत राहतं. दुकानवाले त्या सर्व्हरची नक्कल करणारं एक टूल चालवतात. दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य.

हे टूल डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, लगेच पकडतो आणि उडवतो. मग त्यावर उपाय? विंडोज सिक्युरिटीत एक्सक्लूजन्स नावाची जागा आहे, ‘इथे तपासू नको’ सांगण्याची. तिथे फक्त टूलचा फोल्डर घातला असता तरी समजलं असतं. या महाभागाने अख्खा सी ड्राइव्ह घातला होता. म्हणजे पहारेकरी बसवायचा आणि त्याचं तोंड भिंतीकडे करायचं. आणि बिलावरचा 900 रुपयांचा अँटिव्हायरस? मशीनवर दुसरा कुठलाच अँटिव्हायरस नव्हता. अण्णांना दुकानात कोपऱ्यातली ढाल दाखवून “हा बघा काका, अँटिव्हायरस” असं सांगितलं होतं. ती डिफेंडरचीच ढाल. विंडोजमध्ये असतेच.

अपडेटच्या पानावर बटण दाबलं तर 80070422 ने संपणारा त्रुटी क्रमांक. विंडोज अपडेटची सर्व्हिसच बंद करून ठेवली होती, अपडेट येऊन टूलची खटपट उघडी पडू नये म्हणून. सुरक्षा दुरुस्त्या थांबणार म्हणून अण्णा दुकानात गेले होते, आणि 6,200 देऊन दुरुस्त्या थांबवून घरी आले.

फॉन्टचं सांगायचं राहिलं. दुकानाने सी ड्राइव्ह पुसल्यावर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट गेले आणि जुनी इतिवृत्तं उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायला लागला. ते परत बसवायचे 300. ज्याने पाडलं त्यालाच उभं करायचे पैसे.

दुकानात गेले तेव्हा भांडायचं नाही असं ठरवूनच गेले. फक्त पक्कं बिल मागितलं, लायसन्स कीसकट.

“ताई, पक्कं हवं तर 18 टक्के वर पडतील.”

“देते. की लिहा.”

मग सूर बदलला. “सगळेच असं करतात ताई. चालतंय ना? प्रो टाकून दिलंय, वरची आवृत्ती आहे. होमपेक्षा भारीच दिलंय काकांना.” मी चौकटीचा फोटो दाखवला, तारखेचा. तो म्हणाला, तारीख आली की घेऊन या, फुकट करून देऊ. मग मी त्या मुलीच्या मार्कशीटचं विचारलं. तेव्हा मात्र त्याने काउंटरवरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे एकदा पाहिलं आणि मला आत बोलावलं.

त्याने माझ्यासमोर वनड्राइव्ह उघडून अण्णांच्या फायली काढल्या. वनड्राइव्हची कचरापेटी वेगळी असते, तिथे फायली 30 दिवस राहतात, तीही रिकामी करून घेतली. त्याआधी एक काळजी घेतली होती: घरी एन्क्रिप्शन बंद करून ड्राइव्हचं कुलूप पूर्ण निघू दिलं, सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवला आणि लॅपटॉपवरचं वनड्राइव्ह त्या खात्यापासून तोडलं. हा क्रम उलटा झाला तर वर पुसलेलं खालूनही पुसलं जातं, हे ज्यांच्या मशीनवर असा परका आयडी आहे त्यांनी लक्षात ठेवा. दुकानाच्या आयडीचा पासवर्ड बदलायला सांगून काही होत नाही, मशीनवरून तो आयडीच जायला हवा.

पैसे परत मिळाले 5,400. सर्व्हिसिंगचे 500 मीच सोडले. फॉन्टचे 300 द्यायला तो तयार नव्हता, “फॉन्ट तर टाकले होते ना?”

विंडोज घरीच नव्याने बसवलं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवलं, ते माझ्या लॅपटॉपवर केलं, अण्णांच्या नाही. इन्स्टॉलरने होम की प्रो हे विचारलंसुद्धा नाही. चिपमधली की वाचून त्याने होम घेतलं आणि नेट लागल्यावर एक्स-पी-आरच्या चौकटीत ‘कायमचं सक्रिय’ आलं. खातं अण्णांच्या मेलवर, पासवर्ड त्यांच्या डायरीत.

अण्णांना तक्रार करायची नव्हती, “पैसे दिलेत ना त्याने.” मी तरी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, नोंद केली. मागूनही बिल न देणं हे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत बसतं. आणि जिल्हा आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. त्यामुळे ‘एवढ्याशा रकमेसाठी कोर्टकचेरी परवडत नाही’ हे कारण पुढे करू नका. फक्त ते कच्चं बिल फाडू नका आणि मशीन साफ करण्याआधी त्या चौकटीचे, खात्याच्या पानाचे, एक्सक्लूजन्सचे फोटो मोबाइलने काढून ठेवा. साफ केल्यावर तुमच्याकडे पुरावा काहीच उरत नाही.

सोसायटीतल्या जोशीकाकूंचं प्रकरण वेगळं निघालं. त्यांचा डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचा, 11 च्या अटींत तो बसतच नाही. त्याच दुकानाने तपासणी चुकवून त्यावर 11 चढवलंय, तेही 4,500 घेऊन. अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यांना मी परत 10 वर आणणार आहे. विंडोज 10 ची 22एच2 आवृत्ती असेल तर घरगुती वापराला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जादा सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. अपडेटच्या पानावरच नोंदणीचा पर्याय येतो. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडला तर त्याचे पैसे लागत नाहीत. खातं अर्थात काकूंचं.