ओटचा पट्टा की जाळलेलं रान?

टेक्सासात ९० टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे, त्यामुळे शिकारीचं रान कसं राखायचं ते मालकच ठरवतो. हरणं ओढायचा एक मार्ग म्हणजे ओटचा (जईचा) पट्टा: सप्टेंबर-ऑक्टोबरात तो पेरला की नोव्हेंबरात पांढऱ्या शेपटीची हरणं मचाणासमोर येतात. पाऊस झाला तर! शिवाय ओकची फळं भरपूर गळाली, की हरणं पट्ट्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

दुसरा मार्ग हिवाळ्याच्या अखेरीस रान शिस्तीत जाळण्याचा. (आपला राब आठवतो, पण इथं पेरायचं काही नसतं.) आधी गुरं काढून जळायला पुरेसं गवत वाढू द्यायचं, मग वारा बघायचा. वसंतात रुंद पानांचा कोवळा रानपाला फुटतो, हरणांचा आवडता. माझी जमीन असती, तर बियाण्याचे पैसे मी जाळरेषेत (आग बाहेर पसरू नये म्हणून मोकळ्या केलेल्या रेषेत) घातले असते. एका हंगामापुरतं रान भाड्यानं घेणाऱ्याला मात्र ओटच परवडतो.