पांढऱ्या पुडीने गुण आला, तिथेच आम्ही फसलो

सासूबाईंचं तोंड आलं तेव्हा इंदुरात थंडी होती. बी-कॉम्प्लेक्स झालं, दाताच्या डॉक्टरांनी दिलेलं जेल झालं. दोन महिन्यांनी छातीवर आणि पाठीवर मऊ, ढिले फोड उठले. हात लागताच फुटायचे आणि खालची ओली कातडी ब्लाउजला चिकटायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, नागीण आहे. नागीण साधारण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते, हे मला आता कळतंय.

राजवाड्यामागच्या एका गल्लीतल्या माणसाचा पत्ता मीच काढला. ह्यांचा विरोध होता, तरी रिक्षा मीच केली. त्याच्याकडे बऱ्या झालेल्या रोग्यांच्या फोटोंचा अल्बम होता. "बहनजी, जड़ से खतम कर देंगे. बस टुकड़ा मत कटवाना, फैल जाएगा." म्हणजे बायोप्सी करू नका. एकवीस दिवसांच्या पुड्यांचे ६,५०० रुपये. मधातून घ्यायची पांढरी पुडी, वर लावायला काळं तेल. बिल मागितलं तर हसला.

आणि गुण आला, अगदी डोळ्यांदेखत! दहा दिवसांत नवे फोड थांबले. तोंड इतकं निवलं की आईंनी शेव घातलेले पोहे खाल्ले. मी त्या माणसाला पेढे नेऊन दिले, हे लिहायला लाज वाटते. तिसऱ्या महिन्यात त्यांचे गाल गोल झाले. पाहुणे म्हणत, तब्येत सुधारली. कधी साखर नसलेल्या बाईची साखर २८० निघाली, तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा पुडीकडे बोट दाखवलं. त्याच आठवड्यात तो माणूस भस्मासाठी आणखी १५,००० मागू लागला. तोवर २६,००० गेले होते. आम्ही नाही म्हटलं आणि पुड्या बंद केल्या.

तीही चूकच होती. तिसऱ्या दिवशी आईंना उलट्या, चक्कर, अंथरुणातून उठवेना. आठवड्यात पाठ सोलल्यासारखी झाली.

सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी आधी तोंडात टॉर्च मारला. मग फोडाशेजारच्या चांगल्या कातडीवर बोट घासलं, तर ती सरकली. "पेम्फिगस वाटतोय." दोन तुकडे घेतले. एक ताज्या फोडाच्या कडेचा, फॉर्मॅलिनमध्ये. दुसरा शेजारच्या अखंड कातडीचा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे अँटिबॉडी चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी, वेगळ्या द्रावणात. रिपोर्टात पेशी-पेशींच्या मधल्या जागेत अँटिबॉडीचं, म्हणजे एरवी जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचं, मासेमारीच्या जाळ्यासारखं जाळं दिसलं. पेशींना पेशी धरून ठेवणाऱ्या डेस्मोग्लेइन नावाच्या प्रथिनावर शरीर स्वतःच हल्ला करतं, म्हणून कातडी सुटते. हा संसर्ग नव्हे. आम्ही आईंचं ताट उगाच वेगळं केलं होतं.

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचे फोड मात्र टणक, घट्ट भरलेले होते आणि त्याआधी कित्येक आठवडे नुसती खाज. तो पेम्फिगॉइड, वेगळा आजार. त्यांना स्टेरॉइडचं मलम आणि डॉक्सीसायक्लिन चालू होतं.

आईंचा सकाळचा कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तळाला गेला होता. बाई म्हणाल्या, "पुडीत स्टेरॉइड असणार. बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, म्हणून एकदम तोडायचं नसतं. मीसुद्धा स्टेरॉइडच देणार आहे. पण किती देतेय ते मला माहीत असेल."

या वाक्यावर मी बराच वेळ अडकले. औषध खोटं नव्हतं. माप नव्हतं, नाव नव्हतं, साखर-रक्तदाब बघणारं कुणी नव्हतं. याच रोगावर दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरीचांनी १९८०च्या दशकात मोठ्या मात्रेच्या स्टेरॉइडची पल्स पद्धत रूढ केली, पण दर महिन्याला, मोजून. आईंना वजनाप्रमाणे प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सुरू झाली, आणि हिपॅटायटिस बी व टीबीच्या तपासण्या करून पंधरा दिवसांच्या अंतराने रिटुक्सिमॅबचे, म्हणजे अँटिबॉडी बनवण्यामागच्या पेशी कमी करणाऱ्या औषधाचे, १,००० मिलिग्रॅमचे दोन डोस. गोळी आता हळूहळू उतरवताहेत.

कुणाच्या घरी अशी पुडी चालू असेल तर मनाने बंद करू नका. उरलेल्या पुड्या घेऊन तडक त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

आमच्याकडे नऊ उरल्या होत्या. तक्रारीचा अर्ज लिहायला बसलो, तर औषधाचं नाव काय, दुकान कोणतं, बिल क्रमांक काय? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'पांढरी पुडी' एवढंच लिहिलं आणि खाली सही केली.