सुटं ओईएम विंडोज घ्यावं की रिटेल?

किमतीतला फरक मोठा, पण विकत मिळतो तो हक्क वेगळा. ओईएम परवाना, म्हणजे संगणक बनवणाऱ्यांसाठीचा परवाना, ज्या संगणकावर पहिल्यांदा बसतो त्याच्याच मदरबोर्डाशी बांधला जातो. बोर्ड बदलला की सहसा सक्रियता जाते. रिटेल, म्हणजे थेट ग्राहकाला विकलेला परवाना जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो.

हार्डवेअरशिवाय ओईएम विकणं कायदेशीर आहे का? देशागणिक उत्तर बदलतं. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २००० साली अशी सुटी विक्री मायक्रोसॉफ्ट रोखू शकत नाही असं ठरवलं. युरोपीय न्यायालयानं २०१२ मध्ये वापरलेल्या कायमस्वरूपी परवान्यांची फेरविक्री मान्य केली, मात्र मूळ मालकानं आपली प्रत निकामी करायला हवी. अमेरिकेत ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीच्या २०१०च्या खटल्यात कौल उलट लागला: ग्राहकाकडे फक्त परवाना, मालकी नाही.

खरा धोका नुसत्या ईमेलवर आलेल्या ‘की’चा, म्हणजे विंडोज सक्रिय करणाऱ्या कोडचा. ती अनेकदा कंपन्यांच्या सामूहिक (व्हॉल्यूम) परवान्यातली निघते आणि पुढे बंद पडते. सक्रिय झाली म्हणजे वैध, असं मुळीच नाही! कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘slmgr /dli’ चालवा. ओईएम म्हणून घेतलेल्या कीपुढे ‘VOLUME’ दिसलं तर लगेच परतावा मागा. यंत्र बदलत राहणार असाल तर रिटेलच घ्या.