३०० चिप्सचा पोकर सेट: बेट करून रेझला फोल्ड करायला शिकण्यासाठी कसा आहे?

अ‍ॅल्युमिनियमच्या कडांची पेटी, ३०० चिप्स, पत्त्यांचे दोन कॅट, पाच फासे आणि डीलरचं बटण (वाटणी कुणाची ते दाखवणारी चकती). बिनब्रँडचा हा सेट सोलापुरात नवी पेठेत खेळण्यांच्या दुकानांत विचारला तर मिळतो, नाहीतर ऑनलाइन मागवता येतो. चिप्स उत्तम आहेत, पत्ते टाकाऊ आहेत आणि पेटी जेमतेम. तरीही घरी टेक्सास होल्डेम (हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांची पाच, असा पोकरचा प्रकार) शिकणाऱ्यांनी घ्यावा असाच हा सेट आहे. बेट केल्यावर (चिप्स लावल्यावर) समोरून रेझ (त्याहून मोठी बेट) आली की पानं टाकायची, म्हणजे फोल्ड करायचं, की नाही, हे कळायला पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) आणि उरलेल्या चिप्स डोळ्यांसमोर दिसाव्या लागतात. मोबाईलवर आकडा दिसतो, पण तो कुणी मनावर घेत नाही.

चिप ११.५ ग्रॅमची, प्लास्टिकची, आत लोखंडी चकती. हातात वजन जाणवतं आणि वीसची थप्पी नीट उभी राहते. खोट एकच, पण मोठी: चिपवर आकडा नाही, कडेला नुसती फाशांची नक्षी आहे. त्यामुळे खेळ सुरू व्हायच्या आधी रंगांची किंमत कागदावर लिहून टेबलावर ठेवा. पांढऱ्या १०० आणि बाकी चार रंगांच्या ५०-५० अशी वाटणी असते. पांढरी ५, लाल २५, हिरवी १००, काळी ५०० धरा. सहा जणांना प्रत्येकी १० पांढऱ्या, ६ लाल, ८ हिरव्या, २ काळ्या दिल्या की बरोबर २,००० होतात. ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी लावायच्याच चिप्स, एक स्मॉल आणि एक बिग) १०-२० ठेवले तर प्रत्येकाकडे १०० बिग ब्लाइंड. निळ्या पेटीतच राहू द्या, पुढे ब्लाइंड वाढले की हजाराच्या म्हणून काढा.

ही वाटणी महत्त्वाची का, ते एका डावात दिसतं. तुमच्याकडे इस्पिकचे एक्का-राणी. तुम्ही ६० केले, फक्त बिग ब्लाइंडवाल्याने कॉल केला (तेवढेच लावले); स्मॉल ब्लाइंडचे १० धरून पॉट १३०. फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं): बदाम एक्का, किल्वर नव्वी, चौकट चौकी. तुम्ही ७०, त्याचा कॉल. टर्नला (चौथं पान) बदाम सत्ती, तुम्ही १५०, पुन्हा कॉल. पॉट ५७०. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) किल्वर दुर्री. इथे ३०० ची बेट योग्यच आहे, कारण एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, एक्का-अठ्ठी घेऊन बसलेला माणूस कॉल करतो आणि हरतो. पण आतापर्यंत मुकाट कॉल करणारा तोच माणूस एकदम ९०० करतो, तेव्हा चित्र पालटतं. एक्का-गुलाम घेऊन तो रेझ करणार नाही. रेझमागे दोन जोड्या असतात, एकाच आकड्याची तीन पानं असतात किंवा पंजी-तिर्रीने पूर्ण झालेला स्ट्रेट (एक्का ते पंजी अशी ओळीने पाच पानं) असतो.

हिशेब असा: आणखी ६०० टाकायचे, मिळणार ५७० + ३०० + ९०० म्हणजे १,७७०. तुमचे ६०० धरून पॉट २,३७०. ६०० भागिले २,३७० म्हणजे साधारण २५ टक्के. त्याच्या अशा चार रेझपैकी किमान एक तरी बनाव (ब्लफ, कमजोर पानांवर केलेली बेट) असेल तरच कॉल परवडतो. शांत खेळणारा रिव्हरला इतक्या वेळा बनाव करत नाही, म्हणून पानं टाका. बेटही बरोबर आणि फोल्डही बरोबर, दोन्ही एकाच विचारातून आलेले. ‘इतके टाकलेत तर बघूच’ म्हणून कॉल केला की आधीच्या बेटवर कमावलेलं सगळं परत जातं.

समोरचा सारखी रेझ मारणारा असेल तर मात्र याच पानांवर त्याच्यामागून तुम्हीही चेक करून (बेट न लावता) पानं उघडणं सरस. त्याच्यासमोर बेट करून फोल्ड करणं म्हणजे त्याच्या बनावाला आपल्या हाताने पैसे देणं.

आता तोच पॉट ५७०, पण तुमच्याकडे ४०० च उरलेत असं समजा. ३०० ची बेट केली, त्याने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. आता १०० टाकून १,२७० मिळवायचे आहेत; ७ टक्के वेळा जिंकलात तरी भागतं. इथे फोल्ड करणं चूकच. म्हणून बेटला हात घालण्याआधी उरलेली थप्पी मोजायची: रेझ आल्यावर पानं टाकता येणार नसतील, तर एकतर सगळे ४०० लावा, नाहीतर चेक करा. थप्प्या वीस-वीसच्या, मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे, असा नियम टेबलावर पहिल्याच दिवशी घाला. हिरव्या-काळ्या मागे लपल्या की समोरच्याचा अंदाज साफ चुकतो.

ड्रॉ असताना, म्हणजे एखाद्या पानाची वाट बघणाऱ्या अपुऱ्या पानांवर, बेट करून फोल्ड करणं त्याहून महाग पडतं. टर्नला फ्लशसाठी (एकाच चिन्हाची पाच पानं) नऊ पानं बाकी असतील तर पुढच्या पानाला ती लागण्याची शक्यता ४६ पैकी ९, सुमारे २० टक्के. बेट केलीत आणि मोठ्या रेझला पानं टाकलीत, तर हा हिस्सा फुकट गेला. चेक केलं असतं तर पुढचं पान कदाचित तसंच बघायला मिळालं असतं. बनावच करायचा तर ज्या पानांत काही उरलेलं नाही ती निवडा. रेझला ती टाकताना नुकसान फक्त बेटचं.

तीन पत्तीतून आलेल्या मंडळींसोबत खेळताना आणखी एक ध्यानात ठेवा. तीन पत्तीत चाल ठरलेल्या पटीत चढते, त्यामुळे त्यांना पॉटच्या मानाने बेट मोजायची सवय नसते. ते कॉल भरपूर करतात, पॅक उशिरा करतात. त्यांच्यासमोर बनाव चालत नाही. चांगल्या पानांवर पॉटच्या निम्म्याहून मोठी बेट मात्र छान चालते. आणि त्यांनी रिव्हरला रेझ केली की खुशाल पानं टाका. बिनपैशांच्या खेळात ‘चिप्सच तर आहेत’ ही भावना सगळं बिघडवते. त्यावर उपाय: पुन्हा चिप्स द्यायच्या नाहीत, संपला तो बाहेर, आणि दर वीस मिनिटांनी ब्लाइंड वाढवायचे. पैसे लावू नका. सार्वजनिक जुगाराला राज्यात १८८७ च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे.

पत्त्यांबद्दल थोडक्यात. सेटमधले कॅट कागदी, वरून प्लास्टिकचा पातळ थर. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो, घामट हातांनी पानं चिकटतात, पिसताना कोपरे दुमडतात. कोपरा दुमडलेला एक्का पाठीवरून ओळखू येतो आणि मग वर केलेल्या हिशेबाला अर्थ राहत नाही. पूर्ण प्लास्टिकचे, धुता येणारे दोन कॅट वेगळे घ्या, पाठी वेगवेगळ्या रंगांच्या. एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार राहतो.

टेबलावर हिरवं कापड शोधत बसू नका. घरातली सोलापुरी चादर एकेरी, ताणून अंथरा आणि कडा टेबलाखाली खोचा. जाड विणीमुळे पान बोटांनी सहज उचलता येतं आणि पंख्याखाली उडत नाही. घडी घालून दुहेरी अंथरली की चिप्सच्या थप्प्या कलतात. चादरीवर पान सरपटत नाही, म्हणून वाटणाऱ्याने ते थोडं उचलून टाकायचं, नाहीतर वाटेतच उलटतं.

घेताना दुकानातच पेटी उघडा. फक्त चिप्सचं वजन साडेतीन किलोच्या घरात जातं, म्हणून मुठीचे रिव्हेट आणि दोन्ही बिजागऱ्या हलवून बघा. प्रत्येक रंग मोजा. दहा-बारा चिप्स टेबलावर गोल फिरवा. ज्यांच्यावरचा स्टिकर सुटलेला किंवा एका बाजूला सरकलेला दिसेल त्या तिथेच बदलून मागा, घरी आल्यावर त्या सुट्या मिळत नाहीत.