केमिकलचा पंप म्हणून विकला आणि वॉरंटीत लिहिलंय केमिकल घालू नका

आधी वॉरंटी कार्डावरची ओळच सांगतो, कारण सगळं तिथेच आलं. "साध्या पाण्याव्यतिरिक्त कोणताही द्रव वापरल्यास वॉरंटी रद्द." हे कार्ड ज्या पंपाच्या खोक्यात होतं त्या पंपाच्या टाकीवर हाताएवढा स्टिकर, प्रोफेशनल केमिकल स्प्रेअर, सगळ्या केमिकलला सेफ. असे सहा पंप मी एकदम घेतले. कार्ड वाचलं तोपर्यंत दोन पंप बाद झाले होते आणि एका पार्टीला गालिच्याची भरपाई देऊन झाली होती. हसायचं तर हसा, आता मलाही हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

कार्पेट क्लिनिंगच्या धंद्यात मला नऊ वर्षं झाली, माझ्यासकट चौघं आहोत. मोठ्या हॉलला आम्ही मशीनच्या लाइनवरच इनलाइन स्प्रेअर लावतो, तो लाइनच्या प्रेशरवर बाटलीतलं घट्ट केमिकल ओढून पाण्यात मिसळत जातो. पण जिना, सोफा, एखादी खोली, सुटे डाग अशा कामाला हातपंपच बरा, भरला, पंधरा-वीस दट्टे मारले की निघालो. जुने पंप थकले होते, ट्रिगर गळत होते, वायसर बदलून बदलून कंटाळा आला होता, आणि नेमका तेव्हाच हा माणूस भेटला. नाव सांगत नाही, नाव बदलून धंदा करणाऱ्याचं नाव सांगून उपयोगही नसतो.

स्वतः येऊन डेमो दिला. गोड बोलणारा, घाई नाही, चहाटळपणा नाही. टाकीत पाणी भरलं, हवा मारली, ट्रिगर दाबला तर फवारा अगदी पंख्यासारखा सपाट, कडेपासून कडेपर्यंत सारखा. नोझलवर 8004 कोरलेलं होतं ते त्याने बोट ठेवून दाखवलं. या आकड्याचा अर्थ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, 80 म्हणजे फवाऱ्याचा कोन 80 अंश आणि 04 म्हणजे 40 पीएसआय प्रेशरला मिनिटाला 0.4 अमेरिकन गॅलन, म्हणजे साधारण दीड लिटर. कार्पेटला प्रीस्प्रे, म्हणजे धुण्याआधी मळ सैल करायला फवारायचं मिश्रण, मारायचं तर हे नोझल छान, थेंब जाड पडतात, धुकं होत नाही, तंतूंवर ओल सारखी बसते. मी खूश.

मग म्हणाला सील सगळे व्हायटनचे, म्हणजे सॉल्व्हंटला टिकणाऱ्या खास रबराचे. एक वायसर काढून हातात दिला, तपकिरी रंगाचा. "बघा साहेब, साधं रबर काळं असतं, हा रंगच सांगतो." मग दांडीला चुंबक लावला, चिकटला नाही. "316 स्टील आहे, म्हणून चिकटत नाही." 316 म्हणजे गंजाला जास्त टिकणारा स्टीलचा ग्रेड. आणि प्रेशर म्हणे 6 बार. मी मान हलवत होतो. नऊ वर्षांचा अनुभव कुठल्या खिशात ठेवला होता कोण जाणे.

आता यातलं एकेक बघा. तपकिरी रंगाने काहीही सिद्ध होत नाही, व्हायटन काळंही मिळतं आणि कुठल्याही रबराला तपकिरी रंग देता येतो. चुंबक 304 स्टीलला पण चिकटत नाही आणि त्याहून हलक्या 201 ला पण नाही, 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं ते चुंबकाला कुठून कळणार. आणि 6 बार स्टीलच्या टाकीला ठीक आहे, प्लास्टिकच्या हातपंपांचं काम साधारण 2 ते 3 बारवरच चालतं, आणि प्रीस्प्रेला त्यापेक्षा जास्त लागतही नाही. हे सगळं मला अर्धंमुर्धं माहीत होतं हीच जास्त लाजिरवाणी गोष्ट. पण समोर फवारा सुंदर पडत होता ना.

डेमोचा पीस तो परत घेऊन गेला. तेव्हाच म्हणायला हवं होतं की बाबा हा इथेच ठेव, मी हाच घेणार. दोन दिवसांनी सहा सीलबंद खोकी आली, टाकीचा रंग तोच, स्टिकर तोच. नोझल मात्र फिरवून कमी-जास्त करायचं प्लास्टिकचं, बागेतल्या पंपाला असतं ना तसलं. फोन केला तर म्हणे "आतून तेच आहे, फक्त बॉडी नवीन आलीय." आतून तेच म्हणजे काय? अशा नोझलचा फवारा शंकूसारखा पडतो, बाहेर ओलं कडं आणि मध्ये कोरडं, बारीक केलं तर नुसतं धुकं, ते आपल्याच नाकातोंडात जातं. मी मिनिटभर मापात धरलं तर पाऊण लिटरसुद्धा भरलं नाही. म्हणजे खोली भिजवायला दुप्पट वेळ, आणि जी बाजू आधी मारली ती शेवटची बाजू मारेपर्यंत सुकायला लागते. प्रीस्प्रे दहा-पंधरा मिनिटं ओलं राहिलं तरच काम करतं, सुकलं की मळ सुटायच्या ऐवजी वर आणखी चिकट थर.

तेव्हाच सगळे परत पाठवायला हवे होते. नाही पाठवले. म्हटलं नोझल काय, आपण वेगळी आणून लावू. आणली, लावली, आणि बदलून द्यायची 7 दिवसांची मुदत त्यातच निघून गेली. आता वाटतं त्या 7 दिवसांचा हिशोब त्याने बरोबर घातला होता, कारण पहिला आठवडा पंप मस्त चालले. साध्या अल्कलाइन प्रीस्प्रेला काही झालं नाही.

नवव्या दिवशी एका ऑफिसचं तेलकट कार्पेट आलं, तिथे प्रीस्प्रेत सिट्रस सॉल्व्हंट घालावं लागतं, संत्र्याच्या सालीतून काढतात ते डी-लिमोनीन. दोन पंप दिवसभर वापरले, संध्याकाळी नेहमीसारखे पाण्याने धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाचा दट्टा वर येईना. आमच्या कामावरच्या पोराने जोर लावून ओढला तर येताना आवाज करत आला, आणि पिस्टनचा वायसर फुगून मशरूमसारखा झालेला. दुसऱ्याचा दट्टा चालला पण त्याचं दुखणं वेगळं होतं, ट्रिगर सोडला तरी नोझलमधून थेंब थेंब चालूच. ते आम्हाला उशिरा कळलं. पंप खोलीत एका बाजूला टेकवून ठेवला होता, शेजारी पार्टीचा लोकरीचा गालिचा गुंडाळायचा राहिला होता, त्याच्या कोपऱ्यावर ते थेंब अर्धा तास पडत राहिले. आमचं मिश्रण 10 च्या पुढच्या पीएचचं, म्हणजे चांगलंच अल्कलाइन, ते सिंथेटिकला चालतं, लोकरीला 8.5 च्या वर न्यायची हिंमत कोणी करत नाही. पिवळा पट्टा उमटला. ॲसिड रिन्स मारून बराच उतरवला, तरी उजेडात तिरकं बघितलं की दिसायचा. पार्टी चांगली होती, आरडाओरडा केला नाही, पण भरपाई मागितली आणि मी दिली, चूक आमच्याच हातून झाली होती.

पैशापेक्षा वाईट पुढे झालं. तोच गळका पंप रिकामा करायला पोराने सेफ्टी वॉल्व्हची पिन ओढली, हवा आली नाही. त्याला वाटलं प्रेशर संपलंय. झाकण फिरवलं आणि शेवटच्या आट्याला पंपाचा अख्खा दट्टा सुटून वर उडाला, मिश्रण थेट तोंडावर. "दादा, डोळे ठीक आहेत, डोळे ठीक आहेत," हेच तो म्हणत होता. गॉगल होता म्हणून. गाल आणि मान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरली, लालसरपणा दोन दिवसांनी गेला. नंतर वॉल्व्ह उघडून बघितला तर आतलं छोटं रबर पण फुगून भोकात घट्ट बसलेलं. म्हणजे चुकीच्या सीलने नुसती गळती होत नाही, जी गोष्ट जीव वाचवायला लावलीय तीच बंद पडते. हा मुद्दा मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री सगळे पंप टेबलावर आडवे घातले. स्टिकरचा एक कोपरा सॉल्व्हंटने सुटला होता, तो नखाने ओढला तर खाली टाकीतच साच्याने उठवलेली अक्षरं. कमाल 2.5 बार, कमाल 40 अंश, बाजूला पाण्याच्या थेंबाचं आणि झाडाच्या पानाचं चित्र. स्टिकर बरोब्बर त्या अक्षरांवर चिकटवलेला होता, सहाच्या सहा टाक्यांवर. आम्ही प्रीस्प्रेची पावडर विरघळायला साठ अंशाचं पाणी घालत होतो. टाकी फुटली नाही हे नशीब.

मग वायसर. सीलचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्याच मापाची खरी व्हायटनची ओ-रिंग आणली आणि सोनाराकडे असतो तसल्या बारीक काट्यावर दोन्ही ठेवल्या. व्हायटन जड असतं, घनता 1.8 च्या पुढे, ईपीडीएम आणि नायट्राइल ही नेहमीची रबरं साधारण 1.2 च्या आसपास. खरी रिंग दीडपटीहून थोडी जास्त भरली. मग पंपातली न वापरलेली रिंग सिट्रसच्या बाटलीत बुडवून रात्रभर ठेवली, सकाळी ती बोटातल्या अंगठीएवढी होती ती अंगठ्याची झाली. खरी होती तशीच. ईपीडीएम असणार बहुतेक, कारण ते अल्कलीला आणि गरम पाण्याला चांगलं टिकतं आणि अशा सॉल्व्हंटमध्ये फुगतं, आमच्याकडे तसंच झालं होतं.

आणि इथे मला स्वतःचाच राग आला. व्हायटन असतं तरी "सगळ्या केमिकलला सेफ" हे खोटंच होतं की! व्हायटन सॉल्व्हंटला, तेलाला छान, पण ॲसिटोनमध्ये ते पण खराब होतं आणि फार तीव्र अल्कलीत, त्यातही गरम, जास्त दिवस टिकत नाही. सगळ्याला चालणारं रबर पंपात कुणी घालत नाही. विकणारा "सगळ्याला चालतं" म्हणाला की तिथेच उठायचं.

त्याला फोन लावला. "कुठलं केमिकल घातलंत?" म्हटलं तुम्हीच म्हणालात सगळी चालतात. "सगळी म्हणजे नॉर्मल केमिकल हो साहेब." नॉर्मल म्हणजे कुठलं? "म्हणजे... पाण्यासारखं." मग वॉरंटी कार्ड वाचायला सांगितलं, आणि तेव्हा मी ती ओळ पहिल्यांदा वाचली. स्टिकरखालच्या अक्षरांचे फोटो पाठवले, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. बिलावर बघितलं तर "स्प्रे पंप, 6 नग" एवढंच, केमिकल नाही, व्हायटन नाही, बार नाही. भांडायला कागदच नव्हता.

आता मी काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. अल्कलाइनला वेगळा पंप, सिट्रसला वेगळा, ॲसिडला वेगळा, दांडीवर रंगीत टेप. विकणाऱ्याला आमच्या केमिकलची नावं लिहून पाठवतो आणि कुठल्या सीलचा पंप देणार हे बिलावर लिहून मागतो, जो लिहीत नाही त्याच्याकडून घेत नाही. आधी एकच पंप, डेमोचाच पीस असेल तर उत्तम, आणि त्याचे सुटे सील मागवून आपल्या मिश्रणात बुडवून ठेवायचे, पाण्याचा डेमो बघून काही कळत नाही. सुटे सील मिळत नाहीत म्हणाला तर तो पंप फेकायच्याच लायकीचा. टाकीवरचे स्टिकर आल्या आल्या काढतो, पोरं हसतात. झाकण उघडायच्या आधी पिन ओढायची, हवेचा आवाज आला नाही तर पंप उलटा करून ट्रिगर दाबून ठेवायचा, सगळी हवा निघेपर्यंत, मगच आटे फिरवायचे. जाता जाता एक, पेरॉक्साइडचं मिश्रण बंद टाकीत रात्रभर कधी ठेवू नका, त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि दट्टा न मारताच प्रेशर चढतं, पितळी फिटिंग असेल तर आणखी लवकर.

राहिलेल्या चार पंपांवर पोराने मार्करने लिहून ठेवलंय, फक्त पाणी. गाडी धुवायला वापरतो. मागच्या महिन्यात अनोळखी नंबरवरून एक जाहिरात आली, नवीन मॉडेल, हेवी ड्यूटी, ॲसिड-प्रूफ, 8 बार. फोटो मोठा करून बघितला. टाकीचा रंग निळ्याचा हिरवा झालाय, पण हँडलच्या खाली साच्याची तीच तिरकी रेघ आहे, आणि स्टिकर आता आधीपेक्षा मोठा आहे.