दिवाळी सेलमधला मेकॅनिकल कीबोर्ड: पावसाळ्यापर्यंतचा अनुभव, आणि ‘ळ’चं प्रकरण

इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या सरकारी प्रमाण कीबोर्ड-मांडणीवर, मराठी टाइप करत असाल, तर नवा कीबोर्ड हातात आल्यावर आधी एनचं बटण तपासा. दिवे, वायर, कीकॅपचं (बटणावरच्या टोपीचं) प्लास्टिक वगैरे सगळं नंतर. एनवर आपला ल आहे, शिफ्ट धरलं की ळ आहे, आणि इंग्रजी लिहायला बसलात तर एन आहेच. तीन पाळ्यांत राबणारं बटण आहे ते. माझ्या कीबोर्डाचं नेमकं तेच बिघडलं आणि त्यावरून कंपनीशी जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही. म्हणून नाव लिहीत नाही. मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच; स्विच निळे, म्हणजे दाबताना टिक वाजणारे; १०४ बटणं; हॉट-स्वॅप, म्हणजे स्विच नुसते उपसून बदलता येणारे; २,७९९ रुपये. या किमतीत मिळणारे सगळे साधारण असेच असतात.

२,७९९ हा आकडा आमच्या घरात अजून निघतो. याआधी मी इथल्या, इंदुरातल्या सिल्व्हर मॉलमधून साडेतीनशेचा साधा रबराचा कीबोर्ड आणायचो. दोनेक वर्षं चालायचा, मग एंटर रुसायचा, मग दुसरा आणायचा. एका मेकॅनिकलच्या पैशांत तसे आठ आले असते. हा हिशेब बायकोने सेलच्या रात्रीच मांडून दाखवला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, हौस होती.

हौशीचं मूळही तिथेच, आरएनटी मार्गावर. सिल्व्हर मॉलला जाता-येता दवा बाजारात डोकावलं की बिलिंग काउंटरवरून तो आवाज यायचा. टीव्हीएस गोल्ड नावाच्या कीबोर्डाचा. करड्या-पांढऱ्या रंगाचा, वजनदार, बटणांवरची अक्षरं अर्धी पुसलेली, आणि काउंटरवरचा माणूस पडद्याकडेही न बघता औषधांची नावं बडवतोय. ज्यांनी बँकेत, मेडिकलमध्ये किंवा कोर्टाबाहेरच्या टायपिस्टांकडे वेळ काढलाय त्यांना आवाजाचं वर्णन करून सांगायला नको. तेव्हा आम्हाला ‘मेकॅनिकल’ वगैरे काही ठाऊक नव्हतं. त्यात चेरी या जर्मन कंपनीचे निळे स्विच असतात, आणि परदेशात लोक असल्या कीबोर्डांसाठी जीव टाकतात, हे सगळं फार नंतर समजलं. आपल्याकडे तो नुसता दुकानातला दणकट कीबोर्ड होता.

२०१४च्या सुमारास चेरीच्या मूळ रचनेवरचं पेटंट संपलं, चीनमधल्या कारखान्यांनी तशाच स्विचांचा धडाका लावला आणि हा प्रकार आपल्यासारख्यांच्या खिशात आला. माझ्यातलेही तसलेच चिनी निळे. बटणाचा एकूण प्रवास चार मिलिमीटर, त्यातल्या साधारण दोन-सव्वादोनवरच अक्षर उमटतं आणि त्याच वेळी आत एक छोटा प्लास्टिकचा तुकडा खाली आपटून ‘टिक’ म्हणतो. म्हणजे बटण तळापर्यंत दाबायची गरजच नसते. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे तळापर्यंतच दाबतात.

पहिले काही महिने मी खूश होतो, अगदी बेहद्द. आमच्या मंडळाचं त्रैमासिक मी जुळवतो, त्यामुळे लोकांनी हाताने लिहून पाठवलेले लेख रात्री बसून टाइप करायचे असतात. बोटांना कळतं की अक्षर उमटलं, डोळे कागदावर ठेवता येतात. रबराच्या कीबोर्डावर प्रत्येक ओळीनंतर मान वर करायची सवय लागली होती, ती सुटली. आईने पहिल्या रात्री आतल्या खोलीतून विचारलं, “टाइपरायटर आणलास का रे परत?” मग दार लावून घेऊ लागलो. आवाज दारातून जातो, हे इथेच नोंदवतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी निळे स्विच घेण्याआधी विचार करावा. आमच्याकडे आता सवय झाली आहे, शेजाऱ्यांचं विचारलेलं नाही.

दिव्यांबद्दल मात्र पहिल्या दिवसापासून मत वाईट आहे आणि ते बदललेलं नाही. अठरा प्रकारे लुकलुकतात. एफएनचं बटण धरून तीन-चार बटणं दाबली की बंद होतात, पण वायर काढून परत लावली की पुन्हा इंद्रधनुष्य सुरू. मंडळाचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या टेबलावर ही काय जत्रा.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी ल दोनदा यायला लागला. आधी वाटलं झोप आली असेल. ‘मंडळळाच्या सभासदांना’, ‘ललोकमान्य नगर’. दहा-बारा वेळा नीट, मग एकदा दुप्पट. त्या अंकाची प्रुफं ज्या काकू तपासतात त्यांनी फोन करून सांगितलं की तुमचे ळ उतू चाललेत.

कारण साधं आहे. स्विचच्या आत धातूच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींना टेकतात तेव्हा अक्षर जातं. टेकताना त्या काही मिलिसेकंद थरथरतात, हे प्रत्येक स्विचमध्ये होतं. कीबोर्डातली चिप तेवढा वेळ थांबते आणि मगच एक दाब मोजते. पट्टी सैल पडली किंवा तिच्यावर काजळी, धूळ बसली की थरथर लांबते, चिपची मर्यादा ओलांडते, आणि एका दाबाचे दोन होतात. याला चॅटरिंग म्हणतात.

वॉरंटी एक वर्षाची होती, म्हणून फोन केला.

“सर, कीबोर्ड पे कुछ गिरा था क्या? चाय, नमकीन?”

“भिया, ये इंदौर है, नमकीन तो यहाँ हवा में उड़ती है। पर एन के नीचे कुछ नहीं है, मैंने बटन निकाल के देखा है।”

यावर पलीकडचा हसला, मला वाटलं जमलं. संध्याकाळी तक्रारीची नोंद आली, त्यात कारणाच्या रकान्यात लिहिलेलं: फूड पार्टिकल, ग्राहकाने सांगितल्यानुसार. इंदुरात कीबोर्डात सेव सापडली नाही तर तो कीबोर्ड वापरलाच नाही असं समजावं, हे बंगळूरला बसलेल्या माणसाला कोण समजावणार! पण सेवेचे तुकडे सापडले ते नंबर पॅडखाली. एनची जागा चकाचक होती, फोटो पाठवला.

मग व्हिडिओ मागितला. नोटपॅडमध्ये ल दुप्पट येताना दाखवला. उत्तर आलं की ही भाषेच्या सॉफ्टवेअरची अडचण दिसते, कीबोर्डाची नाही. इथे मात्र माझं डोकं फिरलं. माझी भाची सीपीसीटीची तयारी करते. मध्य प्रदेशात टायपिंगच्या सरकारी नोकऱ्यांसाठी ती संगणक-परीक्षा लागते, आणि भाची कृतिदेव फॉन्टच्या जुन्या रेमिंग्टन पद्धतीने टाइप करते. त्या पद्धतीत एनच्या बटणावर द असतो. तिला बसवलं. तिचा द दुप्पट. मग इंग्रजीत केलं, एन दुप्पट. तीन पद्धती, तीन अक्षरं, एकच बटण. तिन्ही व्हिडिओ पाठवले. भाची म्हणाली, “मामा, एवढ्या पुराव्यात तर कोर्टात केस उभी राहील.” उत्तर: कीबोर्ड मूळ खोक्यात घालून पाठवा, पाठवण्याचा कुरिअर खर्च ग्राहकाचा, परत यायला तीन आठवड्यांपर्यंत लागू शकतात. अंक छपाईला जायचा होता. आणि तीनशेच्या आसपास कुरिअरला म्हणजे एक अख्खा रबराचा कीबोर्ड.

मधल्या काळासाठी विंडोजमधली फिल्टर कीजची सोय चालू करून पाहिली. एकच बटण लागोपाठ दाबलं गेलं तर दुसरा दाब सोडून द्यायचा, अशी सेटिंग त्यात आहे. इंग्रजीवाल्यांना ती चालत असेल. थरथर असते काही मिलिसेकंदांची आणि ही सेटिंग कमीत कमी अर्धा सेकंद धरून बसते. अर्ध्या सेकंदात चांगला टायपिस्ट एक जोडाक्षर संपवतो. इनस्क्रिप्टमध्ये जोडाक्षराच्या मध्ये हलन्त येतो, म्हणून ‘अल्ला’ सुटतो, पण ‘ललित’चा लित होतो. त्याहून वाईट म्हणजे ळ आणि ल एकाच बटणावर. कळलं, वळलं, टाळलं, गिळलं, दळलं, मिसळलं. मराठीत भूतकाळात गेलं की ते बटण लागोपाठ दोनदा दाबावं लागतं, आणि सेटिंग दुसरा दाब खाऊन टाकते. ‘मला कळं नाही’, ‘त्याने ते टाळं’. एका स्मृतिलेखात तर ‘मन हेलावलं’ शाबूत राहिलं आणि पुढचं ‘हळहळलं’ हळहळं होऊन बसलं. चॅटरिंग परवडलं म्हणून सेटिंग बंद केली. १९८६ साली इनस्क्रिप्ट ठरवणाऱ्यांनी डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं अशी फार विचारपूर्वक मांडणी केली आहे, माझी काही तक्रार नाही. ल आणि ळ शेजारी असायला हवेत हेही बरोबरच. फक्त हे बटण बनवणाऱ्याला कुणीतरी कळवायला हवं होतं.

मग महाराणी रोडवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली आणली, कीकॅप काढून स्विचच्या फटीत सिरिंजने दोन थेंब सोडले, बटण शंभरेक वेळा दाबलं, वाळू दिलं. फरक पडला. आठवडाभर मी सगळ्यांना हा उपाय सांगत सुटलो. त्यानंतर ळ पुन्हा दोनदा.

आता हॉट-स्वॅपकडे येतो. घेताना खोक्यावर हा शब्द वाचला तेव्हा मी त्याला पोरांच्या खेळात जमा केलं होतं. गेमवाले स्विच बदलत बसतात, आज निळे, उद्या लाल, आपल्याला काय करायचंय. आज माझं मत आहे की या किमतीत बाकी काही नसलं तरी चालेल, हॉट-स्वॅप हवाच. टीव्हीएस गोल्डमध्ये स्विच सर्किटला डाग देऊन जोडलेले असतात. एक बिघडला की सोल्डरिंगवाला गाठा. इथे खोक्यात एक तारेचा चिमटा मिळतो. कीकॅप काढायची, स्विचच्या वरच्या आणि खालच्या कडेला असलेल्या खाचा चिमट्याने दाबायच्या, सरळ वर ओढायचं. पहिल्यांदा भीती वाटते, कारण ओढताना ‘कट’ असा आवाज येतो. हातात येतो तो पाऊण इंचापेक्षा लहान ठोकळा, खाली तांब्याच्या रंगाचे दोन बारीक पाय. नवा बसवताना ते पाय सरळ आहेत का हे उजेडात धरून बघा. वाकडा पाय तसाच दाबला तर तो आडवा होतो आणि वरून सगळं ठीक दिसतं.

नवा स्विच आणायचीही गरज पडली नाही. १०४ बटणांत काही बटणं निव्वळ मानाची असतात. आधी स्क्रोल लॉकचा स्विच काढणार होतो. ते १९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून चालत आलंय आणि आज एक्सेल सोडलं तर त्याला कुणी विचारत नाही. पण मी एक्सेलवालाच आहे, तिथे ते थरथरलं तर बाण दाबल्यावर पान सरकेल की चौकट हे दैवावर. म्हणून पॉज निवडलं. एके काळी संगणक चालू होताना मेमरी मोजल्याचे आकडे आणि हार्ड डिस्कचं नाव भराभर वर सरकायचं, तेव्हा ते वाचायला हे बटण दाबून पडदा थांबवायचो. आता चालू होताना वाचायला काही नसतंच, कंपनीचं चिन्ह फिरत राहतं. पॉजचा कोरा करकरीत स्विच एनखाली आला, एनचा थकलेला पॉजखाली गेला. चहा निवायच्या आत काम संपलं. त्यानंतर ळ एकदाही दोनदा आलेला नाही, ‘कळलं’ मी मुद्दाम ओळीने टाइप करून बघितलं.

कंपनीला हे कळवलं नाही. तक्रार उघडीच आहे, दर काही दिवसांनी ‘आपकी समस्या हमारे लिए महत्वपूर्ण है’ असा संदेश येतो. सुटे स्विच वीस-पंचवीस रुपयांना एक असे मिळतात, पण दहांचं पाकीट घ्यावं लागतं. मी घेतलं. थोडक्यात, बंगळूरच्या कुरिअरपेक्षा स्वस्त. तीन पायांचे आणि पाच पायांचे असे दोन प्रकार येतात (धातूचे दोन पाय दोन्हींत, बाकीचे प्लास्टिकचे), आपल्या कीबोर्डाच्या भोकांना कोणते चालतात ते बघून घ्या. पाच पायांचे तीन भोकांत बसवायला दोन प्लास्टिकचे पाय कापावे लागतात.

बाकी वायर सुटी आहे हे चांगलं, पण तिचं टोक खोल खाचेत जातं, दुसरी कुठली वायर तिथे बसत नाही. माळ्यावर माझ्याकडे अजून पाच पिनांच्या जाड गोल प्लगचे दोन कीबोर्ड आहेत, त्यांची वायर सुटी नव्हती तरी कधी सैल झाली नाही. कीकॅपवरची अक्षरं अजून शाबूत. देवनागरी छापलेली नाही, मला लागत नाही, शिकणाऱ्याने स्टिकर लावावेत.

घ्यावा का, असं मंडळात दोघांनी विचारलं. टायपिंग भरपूर असेल आणि चिमटा हातात धरायची तयारी असेल तर घ्या. सर्व्हिस सेंटरच्या भरवशावर घेणार असाल तर साडेतीनशेचे दोन आणून ठेवा.

आता स्पेस बार खडखडायला लागलाय. त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारेला ग्रीस लावावं लागतं, डायइलेक्ट्रिक प्रकारचं, प्लास्टिक न खाणारं. महाराणी रोडवर तीन दुकानदारांनी मला पंख्याचं ग्रीस दाखवलं. इंदुरात सुटं, छोट्या डबीत कुठे मिळतं हे कुणाला माहीत असेल तर सांगा, पाव किलोचा डबा मला नकोय.