राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची ऑनलाइन यादी: आकडा उचलण्याआधी हे बघा

पाचपैकी चार तारे.

पहिल्या महायुद्धात किती हिंदी सैनिक मेले असं विचारलं, की बहुतेक ठिकाणी 74,000 हा आकडा ऐकू येतो. त्यात कोणाला धरलंय, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. म्हणून ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातल्या युद्धमृतांच्या समाध्या आणि नोंदी सांभाळणाऱ्या या आयोगाची ही फुकट यादी मला फार मोलाची वाटते. इथे थेट माणूस सापडतो: हुद्दा, शिपाई नंबर, पलटण, मृत्यूची तारीख, कधी बापाचं नाव आणि गावसुद्धा. नोंद हाती असली की ती पडताळता येते. नुसती बेरीज कशी पडताळणार?

आमच्या साताऱ्याकडच्यांनी शोध पलटणीवरून सुरू करावा. 103 आणि 110 या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या आणि तिथल्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. 29 एप्रिल 1916 ला तिथे शरणागती झाली, पुढे कैदेतही पुष्कळ जण मेले. नावं कारकुनांनी कानाला लागतील तशी इंग्रजीत उतरवली आहेत, त्यामुळे एकाच जाधवासाठी स्पेलिंग बदलून बदलून बघावं लागतं. यादी उतरवून घेता येते, ही मोठी सोय.

आता व्याप्ती. 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळात सेवेत असताना मेलेला प्रत्येक जण इथे धरतात, मग तो गोळीने गेलेला असो की 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत. मृत्यूचं कारण बहुधा दिलेलं नसतं. त्यामुळे हा आकडा ‘लढाईत ठार’ म्हणून छापणं साफ चूक आहे, आणि वर्तमानपत्रं ते सर्रास करतात.

दुसरी बाजू जास्त दुखरी आहे. इराकमधल्या बसरा स्मारकाच्या दगडावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या. ऑनलाइन यादीत त्यातले अनेक शिपाई आज नावानिशी सापडतात, तेव्हा मला खरोखर भरून येतं. पण 2021 मध्ये आयोगाच्याच विशेष समितीने लिहून दिलं, की किमान 1,16,000 जणांची, कदाचित 3,50,000 पर्यंत, नावाने नोंदच झाली नाही. त्यात पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले लोक सर्वाधिक. सैन्याची ओझी वाहणारे हमाल मोजायचे राहिले, तर पूर्व आफ्रिकेसारख्या आघाडीवरची जीवितहानी कमी दिसणारच. एक तारा त्यासाठी कापला. संस्थेने स्वतःची चूक आकड्यानिशी मांडली, म्हणून एकच.

यादी एकटी वापरू नका. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावच्या स्मारकावर 46 जणांच्या बलिदानाची नोंद आहे. तुमच्याही गावात असा दगड असेल, तर त्यावरची संख्या, घरातली पेन्शनची कागदं आणि ही यादी शेजारी ठेवून एकेक नाव जुळवा. जे जुळणार नाही ते तसंच लिहून ठेवा, आणि आकडा कुठे दिलात तर तारखांची मर्यादाही सोबत द्या.